ज्याला त्याचे नाव

दिवाळी अंक हातात पडला की आपण तो कसा वाचतो? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ ओळीने अंक वाचणारा वाचक मी तरी अजून पाहिलेला नाही. आधी मुखपृष्ठ न्याहाळायचे, मग अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचे. राशिभविष्यात डोकावून यायचे, दोन व्यंगचित्रे पाहायची, एखादा मथळा नजरेत भरला तर तिथे थांबायचे, नाही तर पान उलटायचे. घरातली चार माणसे एकाच अंकावर तुटून पडली, तरी चौघांच्या वाटा चार असतात. ही चैन आपल्याला परवडते ती मथळ्यांमुळे, पृष्ठांकांमुळे आणि चौकटींमुळे. पण त्यांचे आभार मानल्याचे कोणाला आठवणार नाही.

आता अशी कल्पना करा, की याच अंकातली अनुक्रमणिका कोणी काढून टाकली, पृष्ठांक खोडले, आणि मथळे, मजकूर, जाहिराती हे सारे एकाच टायपात एकापुढे एक सलग जुळवून छापले. वर तो अंक तुमच्या हाती न देता कोणी तुम्हांला तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवू लागला. तुमची रास वृश्चिक असेल, तर तिच्यापर्यंत पोचायला दीडशे पाने ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. तुम्ही हात जोडून म्हणाल, ‘‘राहू द्या तो अंक!’’

दिवाळी अंक राहू देता येतो. परीक्षेचा अर्ज, बँकेचे खाते, आगगाडीचे तिकीट, वीजबिल यांना मात्र ‘राहू द्या’ म्हणता येत नाही. आणि ही सारी कामे आता संगणकाच्या नाही तर मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसली आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. या मंडळींपुढे पडद्यावरची किती तरी पाने आज मी वर वर्णन केलेल्या अंकासारखीच येतात. दोष त्यांच्या डोळ्यांचा, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. तो दोष पान बांधणाऱ्याचा कसा आहे, हे आज सांगायचे आहे.

अंध माणसे पडदा कानाने वाचतात. त्यासाठी ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली असते. आपण तिला पडदावाचक म्हणू. तिच्यातला ‘एनव्हीडीए’ हा प्रकार मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवला. काम सुरू झाले २००६ मध्ये. दोघेही अंध. अशा आज्ञावलीची किंमत सामान्य अंध माणसाच्या आवाक्याबाहेर असे, म्हणून त्यांनी ती फुकट देऊन टाकली. मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ या नावाने असलाच वाचक आयता बसवलेला असतो. तुमच्या खिशातल्या यंत्रातही तो बहुधा निमूटपणे बसून आहे.

हा वाचक भराभर बोलतो, आणि सरावलेला कान ते टिपतो. पण त्याची खरी करामत बोलण्यात नसून उड्या मारण्यात आहे. कळफलकावरची ‘एच’ ही कळ दाबली की तो पुढच्या मथळ्यावर जातो, ‘के’ दाबली की पुढच्या दुव्यावर, ‘बी’ दाबली की बटनावर, ‘टी’ दाबली की तक्त्यावर. आकडा दाबला तर त्या पायरीचा मथळा: एकवर मुख्य मथळा, दोनवर उपमथळा. म्हणजे आपण डोळ्यांनी जे पान चाळतो, तेच तो कानाने चाळतो. अमेरिकेतल्या यूटा राज्य विद्यापीठातील ‘वेबएम’ ही संस्था पडदावाचक वापरणाऱ्यांची अधूनमधून पाहणी करते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लांबलचक पानावर हवे ते कसे शोधता, या प्रश्नाला दहांपैकी सात जणांचे उत्तर होते: मथळ्यांवरून.

इथेच सारी गोम आहे. हा वाचक मथळ्यावर उडी मारतो, पण मथळा कोणता हे त्याला कसे कळते? अक्षर मोठे आणि ठळक आहे, हे त्याच्या हिशेबी काहीच नाही. पान बांधताना ज्याने त्या ओळीला ‘मथळा’ असे नाव दिले असेल, त्याच्याच शब्दावर तो विसंबतो. नाव दिले नसेल, तर ती ओळ वीतभर उंचीच्या अक्षरांत का असेना, त्याच्या लेखी चार शब्द, बस्स.

ही नावे देण्याची भाषा म्हणजे एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, आणि १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. त्या आरंभीच्या भाषेत मोजक्याच खुणा होत्या: शीर्षक, सहा पायऱ्यांचे मथळे, परिच्छेद, यादी, पत्ता, दुवा. ज्यांनी जुना छापखाना पाहिला आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. संपादक हस्तलिखिताच्या समासात ‘मथळा’, ‘उपमथळा’, ‘चौकट’ असे लिहीत असे. मग त्या मथळ्याला चोवीस पॉइंटांचा टाइप लावायचा की अठराचा, हे छापखान्यात ठरे. ‘मथळा’ हा संपादकाचा शब्द. ‘चोवीस पॉइंट’ हा कंपोझिटरचा. संगणकातही दोन कामे अशीच वेगळी काढली आहेत. वस्तू काय आहे ते एचटीएमएलने सांगावे, ती दिसावी कशी ते ‘सीएसएस’ नावाच्या दुसऱ्या भाषेने सांगावे. ही दुसरी भाषा १९९६ मध्ये प्रमाणित झाली. पुढे २०१४ मध्ये एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाण ठरली, आणि तिने पानाचा शिरोभाग, मार्गदर्शक दुवे, मुख्य मजकूर, लेख, तळभाग अशा मोठ्या विभागांनाही स्वतंत्र नावे दिली.

नावे अशी हाताशी असताना घोटाळा होतो कुठे? त्याचे कारण आमच्या शेजारीच सापडले.

मी खराडीला राहतो. नगर रस्त्याने शहराबाहेर निघालात, की चंदननगरच्या पुढे उजव्या हाताला मुळा-मुठेच्या काठापर्यंत हे पूर्वीचे गाव पसरले आहे. जिथे शेते होती तिथे आज ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि बाकीच्या इमारतींतून त्या इमारतींत काम करणारी माणसे राहतात. इथे जिन्यात भेटणाऱ्या दर दुसऱ्या तरुणाला ‘काय करतोस?’ असे विचारले, तर तो पडद्यावरची पाने बांधत असतो, नाही तर कोणी बांधलेली तपासत असतो. शेजारच्या अशाच एका मुलाला मी एकदा माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची अडचण सांगितली.

हा विद्यार्थी एम. ए. करतो, जन्मापासून अंध आहे. एका परीक्षेचा अर्ज त्याने पडदावाचकाच्या साहाय्याने भरायला घेतला. पहिल्या रकान्यावर गेला, तर यंत्र म्हणाले, ‘लिहिण्याची जागा’. दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही तेच. नाव कुठे लिहायचे आणि आईचे नाव कुठे, हे पडद्यावर छापलेले होते. पण त्या छापील शब्दांची आणि रकान्यांची गाठ कोणी बांधली नव्हती. तर्काने, खाडाखोड करीत, त्याने तासाभरात अर्ज पुरा केला. शेवटी ‘सादर करा’ हे बटन काही त्याला सापडेना. ते पडद्यावर होते. चांगले निळे, गोलसर कोपऱ्यांचे. पण ‘बी’ दाबली तरी यंत्र म्हणे, पुढे बटन नाही. मुदतीचा शेवटचा दिवस. अखेर तो नाक्यावरच्या एका दुकानात गेला आणि आपली जन्मतारीख, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि सांकेतिक शब्द, सारे एका अनोळखी माणसाच्या हवाली करून अर्ज भरून आला. ‘‘सर, अर्ज भरला गेला हो,’’ तो मला म्हणाला, ‘‘पण माझा सांकेतिक शब्द आता दोघांना ठाऊक आहे.’’

हे ऐकून शेजारचा मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘काका, ते बटन नसणारच. ती डिव्ह असणार.’’

‘‘डिव्ह म्हणजे काय बुवा?’’

‘‘नुसती डबी. तिला अर्थ काही नसतो. तिला रंग द्यायचा, कोपरे गोल करायचे आणि माउसची टिचकी पडली की काम होईल अशी आज्ञा जोडायची. दिसायला बटनच!’’

‘‘आणि खरे बटन का नाही घालत?’’

‘‘खरं बटन आपला जन्माचा करडा रंग घेऊन येतं ना! तो पुसा, मग आपला चढवा. डबीला वाटेल ते रूप पटकन देता येतं. शिवाय सगळेच तसं करतात.’’

मला एकदम आमच्या घराण्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांची आठवण झाली. त्यांना वस्तूंची नावे म्हणून घ्यायचा कंटाळा. ‘‘अगं, ते हे आण. त्या ह्यात ठेवलंय बघ, त्या ह्याच्याशेजारी.’’ घरातले लोक त्यांच्या बोटाकडे आणि नजरेकडे पाहून अडकित्ता, चष्मा, पंचांग जे हवे ते बरोबर आणून देत. कारभार सुरळीत चालत असे. पण हेच गृहस्थ परगावी गेले आणि तिथून फोनवर ‘‘त्या ह्यातलं ते हे पाठवून दे’’ म्हणू लागले, की घरात हलकल्लोळ माजे. बोट दिसत नाही, नजर दिसत नाही. उरला शब्द, आणि शब्दात काहीच नाही!

डिव्ह म्हणजे ‘ते हे’. डोळस माणसाला रंग आणि आकार बोट दाखवून सांगतात, म्हणून त्याचे अडत नाही. अंध माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो. त्याच्यापर्यंत पोचते ते फक्त नाव.

उलट, खऱ्या बटनाला ‘बटन’ हे नाव दिले, की त्याचे गुण त्याच्याबरोबर आपोआप येतात. टॅबची कळ दाबीत गेले की ते सापडते. एंटर किंवा स्पेसची कळ दाबली की ते दबते. यंत्र ‘सादर करा, बटन’ असे स्पष्ट म्हणते. डबीला हे सारे गुण एकेक करून शिकवावे लागतात. काही जण डबीवर ‘हे बटन समजावे’ अशी चिठ्ठी चिकटवतात. तशा चिठ्ठ्यांचीही एक प्रमाणित पद्धत आहे आणि तिला ‘एरिया’ म्हणतात. पण चिठ्ठीमुळे यंत्र फक्त तोंडाने ‘बटन’ म्हणते. कळ दाबल्यावर काम होण्याची व्यवस्था निराळीच करावी लागते. म्हणून त्या पद्धतीचा पहिलाच नियम असा, की जिथे भाषेत मूळ वस्तू आहे तिथे तीच वापरा, चिठ्ठीच्या नादी लागू नका.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यात नवे काही वाटत नाही. आमच्या जुन्या मोडी कागदांत ओळीच्या ओळी सलग चालत. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे श्रेय पुण्यात दीर्घकाळ काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात. बोलणाऱ्याचा श्वास, त्याचा चढउतार, त्याचे थांबणे हे कानाला आपोआप कळे. कागदावर ते हरवत होते. विरामचिन्हांनी कानाचे धन डोळ्यांना दिले. एचटीएमएलच्या खुणा त्याच्या नेमके उलट करतात: डोळ्यांचे धन कानाला देतात. उपकाराची ही फेड आहे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या मराठीचे यात आणखी एक दुखणे आहे. पान कोणत्या भाषेत आहे, हे त्याच्या पहिल्याच खुणेत सांगायचे असते. मराठीसाठी त्याला ‘एमआर’ ही दोन अक्षरे पुरतात. ती नसली तर यंत्राने काय समजावे? देवनागरी लिपी हिंदीची आहे, नेपाळीची आहे, कोकणीचीही आहे. मग ते हिंदी आवाजात मराठी वाचत सुटते. आपल्या ‘चमचा’तला च आणि ‘चिमटा’तला च निराळे, हे त्या आवाजाच्या गावी नसते. पान इंग्रजी असल्याची खोटी खूण राहून गेली असली, तर मराठी मजकुराच्या नशिबी इंग्रजी आवाजही येऊ शकतो. दोन अक्षरे लिहायचा आळस, आणि त्यापायी अख्ख्या भाषेचे असे हाल!

जुन्या फाँटांची कथा तर ‘ते हे’च्याही पुढची. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी आपल्याकडे जे मराठी टंक चालत, त्यांतल्या बहुतेकांत यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असत. फक्त त्यांना मराठी रूप चढवलेले असे. डोळ्यांना ‘नमस्कार’ दिसे, यंत्राला भलतीच बाराखडी दिसे, आणि पडदावाचक ती बाराखडी इमानाने वाचून दाखवी. छापील कागदाचे नुसते छायाचित्र काढून पानावर टाकले, तर तेवढीही बडबड नाही. यंत्र ‘चित्र’ म्हणते आणि पुढे जाते. चित्राला शब्दांत वर्णन जोडण्याची सोय भाषेत आहे. ती वापरायची की नाही, एवढाच प्रश्न.

‘आमच्याकडे अंध गिऱ्हाईक येतच नाही,’ असे काही धंदेवाले म्हणतात. जिना चढता येत नाही म्हणून जो माणूस दुकानात आला नाही, त्याच्या न येण्यावरून जिन्याची निकड ठरवण्यासारखे हे झाले. खराडीपासून कोरेगाव पार्क काही लांब नाही. तिथे १९३४ साली स्थापन झालेल्या पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड या संस्थेची मुलांची शाळा आहे. त्या शाळेत शिकून बाहेर पडणारी मुले आणि खराडीत पाने बांधणारी मुले एकाच शहरात राहतात. एकाच्या हातची वस्तू दुसऱ्याच्या कानी जाते, आणि दोघांची गाठ मात्र पडत नाही.

कायदा आता याबाबत मोघम राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा. माहिती आणि दळणवळणाची साधने त्यांना वापरता येतील अशी असावीत, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२१ पासून त्यासाठी ‘आयएस १७८०२’ हे मानक दिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की या कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम शिफारशीच्या भाषेत आहे आणि तो मूळ कायद्याशी सुसंगत नाही. सक्तीची किमान मानके सरकारने ठरवलीच पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अॅसिडहल्ल्यातून बचावलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ओळखपडताळणीत पापणी मिटून दाखवायला सांगितले गेले, आणि त्यांना ते शक्य नव्हते. त्यांची याचिका आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून न्यायालयाने सांगितले, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पाठोपाठ वीस निर्देशही दिले.

एवढे होऊनही चित्र फारसे बदललेले नाही. ‘वेबएम’ दरवर्षी जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राकडून तपासून घेते. २०२५ मध्ये त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेचा निदान एक दोष सापडला. आणि ज्यांना यंत्र पकडू शकते, एवढेच दोष यात मोजलेले आहेत.

पाने बांधणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मुदत जवळ आलेली असते, वरिष्ठ रंगाविषयी विचारतात, चित्र सरकते का ते विचारतात; मथळ्याच्या पायऱ्यांविषयी कोणी विचारीत नाही. जे विचारले जात नाही ते केले जात नाही, हा सर्व कचेऱ्यांचा सनातन धर्म आहे. पण इथे ‘केले’ तर खर्च कितीसा? घर बांधून झाल्यावर उतार बांधायचा तर पायऱ्या फोडाव्या लागतात. आराखड्यातच असला तर तो पायऱ्यांच्या खर्चात निघतो. ‘डिव्ह’ लिहायला जेवढे कष्ट, तेवढेच ‘बटन’ लिहायला. शिवाय नीट नावे दिलेले पान शोधयंत्रांना नीट कळते आणि माउस न चालणाऱ्या थरथरत्या हातांना कळफलकावरून वापरता येते. आज तुमची दृष्टी शाबूत असेलही. मोतीबिंदू कोणाची परवानगी विचारून येत नाही.

तेव्हा या दिवाळीत एक छोटासा उद्योग सुचवतो. घरच्या संगणकावर तुमच्या सोसायटीचे, बँकेचे, मुलांच्या शाळेचे पान उघडा. माउस बाजूला ठेवा आणि नुसती टॅबची कळ दाबीत जा. प्रत्येक दाबासरशी पडद्यावर एक चौकट पुढे सरकताना दिसली पाहिजे, आणि ती शेवटच्या बटनापर्यंत पोचली पाहिजे. वाटेतच ती हरवली, तर तिथेच कोणाचा तरी अर्ज अडकलेला आहे असे समजा आणि त्या पानाच्या चालकांना चार ओळींचे पत्र धाडा. आणि तुमचा मुलगा, सून, मुलगी किंवा जावई या व्यवसायात असेल, तर फराळाला बसल्यावर पगार आणि परदेशवारी यांच्या जोडीला एवढेही विचारा: ‘‘तू केलेलं ते निळं बटन, ते खरंच बटन आहे ना रे? का नुसतं ‘ते हे’ आहे?’’